चिठ्ठी, नोंदवही आणि कुलूप : नशा आणणाऱ्या औषधांच्या कायद्याचा आढावा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरमागे एकाच वेळी तीन कायदे काम करत असतात. औषध कसं असावं आणि कुणी विकावं हे १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे १९४५ चे नियम सांगतात. ते कुणाच्या हातून रुग्णाला मिळावं हे १९४८ चा फार्मसी कायदा ठरवतो. आणि त्या औषधाने गुंगी किंवा नशा येत असेल, तर १९८५ चा अमली पदार्थ कायदा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला एनडीपीएस, मध्ये येतो. पहिल्या दोन कायद्यांखालची बहुतेक प्रकरणं नोटीस आणि परवाना निलंबनावर मिटतात. तिसऱ्याची मजल पहिल्याच गुन्ह्याला वीस वर्षांच्या सक्तमजुरीपर्यंत जाते.

एवढा पहारा असूनही मालेगावात अल्प्राझोलमच्या गोळीला ‘कुत्ता गोळी’ हे नाव पडलं आणि ते पोलिसांच्या पंचनाम्यांपर्यंत रुळलं. मुंबई-भिवंडीपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत झोपेच्या गोळ्या ‘बटन’ या नावाने फिरतात. दुसऱ्या टोकाला, कॅन्सरच्या वेदनेने तळमळणाऱ्या माणसाच्या घरच्यांना मॉर्फिनच्या गोळीसाठी जिल्हा ओलांडावा लागतो. ज्याला मिळू नये त्याला मिळतं आणि ज्याला मिळायला हवं त्याला मिळत नाही, हे एकाच व्यवस्थेत कसं घडतं, हा या आढाव्याचा प्रश्न आहे.

कायद्याची मुळं

पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानच्या बाजारात भेसळीच्या औषधांचा सुळसुळाट झाला. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ मध्ये देशभर चौकशी केली आणि दोन गोष्टी सुचवल्या: औषधांवर केंद्रीय कायदा हवा आणि ती देणारा माणूस शिकलेला, नोंदणी झालेला हवा. त्यातून १९४० चा आणि १९४८ चा कायदा आला. अफूचा कायदा त्याहून जुना. १८५७ आणि १८७८ चे अफू कायदे आणि १९३० चा घातक औषधे कायदा महसुलावर डोळा ठेवून केलेले होते. शिक्षा सौम्य होत्या. १९६१ आणि १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारांनंतर भारतावर दबाव वाढला आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून एनडीपीएस लागू झाला. औषधाचा कायदा आरोग्य खात्याच्या वळणाचा आणि एनडीपीएस पोलिसी वळणाचा. फार्मासिस्ट या दोन्हींच्या मधल्या जागेत उभा आहे.

राज्यघटनेने औषधं आणि विष हा विषय समवर्ती सूचीत ठेवला. व्यवहारात कायदा आणि नियम केंद्र करतं. परवाना देणं, तपासणी करणं, कारवाई करणं राज्याकडे. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाचं, म्हणजे एफडीएचं. फार्मासिस्टची नोंदणी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे. अफू-मॉर्फिनसारख्या पदार्थांच्या परवान्यांत पूर्वापार उत्पादन शुल्क खात्याचाही हात. एका दुकानाच्या डोक्यावर इतक्या खात्यांचं छत्र असलं, की पाऊस कुठून गळतो हे शोधणं अवघड होतं.

एच, एच-वन, एक्स

औषध दुकानात कामाला लागलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात तीन याद्या कळाव्या लागतात. शेड्यूल एच म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न देण्याची औषधं. त्यातलं एखादं एनडीपीएसच्या कक्षेत येत असेल, तर वेष्टनावर लाल अक्षरांत ‘एनआरएक्स’ छापलेलं असतं. शेड्यूल एच-वन २०१३ मध्ये अधिसूचित झालं आणि १ मार्च २०१४ पासून लागू झालं. सुरुवातीला त्यात ४६ औषधं होती. मोठा हेतू अँटिबायोटिकच्या बेसुमार वापराला लगाम घालण्याचा होता, म्हणून वरच्या श्रेणीची अँटिबायोटिक आणि क्षयरोगाची औषधं त्यात आली. पण त्याच यादीत अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, कोडीन, ट्रॅमाडॉल, पेंटाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन ही सवय लावणारी औषधंही बसली. ही विकताना वेगळ्या नोंदवहीत डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि दिलेली संख्या लिहायची आणि ती वही तीन वर्षं जपायची.

तिसरी यादी शेड्यूल एक्स. केटामाइन, मेथिलफेनिडेट, अ‍ॅम्फेटामाइन, काही बार्बिट्युरेट यात येतात. यासाठी नेहमीचे वीस आणि एकवीस नमुन्यातले परवाने पुरत नाहीत. ‘वीस-एफ’ हा वेगळा परवाना लागतो. चिठ्ठी दोन प्रतींत हवी, त्यातली एक दुकानाने दोन वर्षं ठेवायची. माल खास त्याच्यासाठी राखलेल्या कुलपाच्या कपाटात किंवा खणात. नियम चोख आहे. परिणाम असा की, बहुतेक दुकानदार वीस-एफच्या वाटेलाच जात नाहीत. अतिचंचलतेचा विकार असलेल्या मुलाला मेथिलफेनिडेट लिहून दिलं, तर पालकांना ते ठेवणारं दुकान मोठ्या शहरात शोधत फिरावं लागतं.

चिठ्ठीवरचा शिक्का

याद्यांपेक्षा कुतूहलाची गोष्ट १९४५ च्या नियमांतल्या नियम ६५ मध्ये आहे. चिठ्ठी कशी असावी? लेखी, सही आणि तारखेसह, रुग्णाचं नाव-पत्ता असलेली, औषधाची एकूण मात्रा आणि डोस सांगणारी. डॉक्टरने ‘पुन्हा द्यावे’ असं लिहिलं नसेल, तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं. आणि औषध देताना दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख डॉक्टरच्या सहीच्या वर नोंदवायची.

ही शेवटची ओळ पाळली गेली, तर एका चिठ्ठीवर पाच दुकानांतून पाच स्ट्रिप घेणं अशक्य व्हावं. तुमच्या घरातल्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात असा शिक्का किती कागदांवर आहे, हे एकदा पाहण्यासारखं आहे. प्रत्यक्षात घडतं ते असं: सत्तरीच्या आजी दोन वर्षांपूर्वीची, घड्यांवर फाटलेली चिठ्ठी पुढे करतात. झोपेची गोळी, रात्री एक. त्या ओळखीच्या आहेत, दर महिन्याला येतात. ‘डॉक्टरांनी चालू ठेव म्हटलंय रे बाळा,’ असं सांगतात. नियमाप्रमाणे त्यांना परत पाठवायला हवं. पण डायझेपाम किंवा अल्प्राझोलमच्या गटातली गोळी वर्षानुवर्षं घेऊन एकदम बंद केली, तर त्रास होतो, क्वचित झटकेही येतात. डॉक्टरकडे जायला आजींना सोबत लागते. काउंटरवरचा माणूस दहा गोळ्या देतो आणि पुढच्या वेळी नवी चिठ्ठी आणा, असं सांगतो. पुढच्या वेळीही हेच होतं. या विक्रीची नोंदवहीत जी ओळ येते तिच्यात डॉक्टरचं नाव जुन्या चिठ्ठीवरूनच घेतलेलं असतं. वही नीट, कायदा मोडलेला, आणि गुन्हेगार म्हणावा असा कुणीही नाही.

चिठ्ठी कुणाची चालते?

‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक’ कोण, याचं उत्तर राज्यागणिक बदलतं. महाराष्ट्राने २५ नोव्हेंबर १९९२ च्या अधिसूचनेने आयुर्वेद पदवीधरांच्या ठरावीक वर्गाला आधुनिक औषधं लिहिण्याची मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या मुख्तियार चंद निकालात सांगितलं, की राज्याचा कायदा परवानगी देत असेल तरच ती मुभा टिकते. २०१४ मध्ये महाराष्ट्राने आणखी एक पाऊल टाकलं: आधुनिक औषधशास्त्राचा सर्टिफिकेट कोर्स केलेल्या होमिओपॅथना मर्यादित अधिकार देणारी कायदादुरुस्ती केली. इंडियन मेडिकल असोसिएशनने तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि २०२५ मध्ये या डॉक्टरांच्या नोंदणीवरून राज्यात पुन्हा रान पेटलं.

या वादात डॉक्टरांच्या दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या. फार्मासिस्टचं कुणी विचारलं नाही. त्याच्या हातात येते ती चिठ्ठी. तिच्यावरची पदवी, नोंदणी क्रमांक आणि अधिकाराची मर्यादा त्याने काउंटरवर उभ्या उभ्या तपासायची. अधिकार नसलेल्याच्या चिठ्ठीवर ट्रॅमाडॉल दिलं, तर जाब त्याला विचारला जातो. कोण काय लिहू शकतो, हे दुकानातून एका क्लिकवर दिसेल अशी यादी त्याला कुणी दिलेली नाही.

हजार गोळ्यांचं गणित

एनडीपीएसमध्ये २००१ पासून शिक्षा जप्त मालाच्या वजनावर ठरते: अल्प प्रमाण, मधलं आणि व्यावसायिक. व्यावसायिक प्रमाणाला किमान दहा आणि कमाल वीस वर्षं सक्तमजुरी, एक ते दोन लाख रुपये दंड, आणि कलम ३७ मुळे जामीन जवळपास दुरापास्त. अल्प्राझोलमचं अल्प प्रमाण ५ ग्रॅम, व्यावसायिक १०० ग्रॅमच्या वर.

आता अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीचा हिशेब करू. हजार गोळ्यांत मूळ औषध फक्त अर्धा ग्रॅम. म्हणजे अल्प प्रमाणाच्याही खाली. पण केंद्राने २००९ मध्ये अधिसूचना काढली की, मिश्रणाचं सगळं वजन धरायचं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या हीरा सिंग निकालात त्यावर शिक्कामोर्तब केलं. गोळीतला स्टार्च आणि लॅक्टोजही आता तराजूत बसतो. गोळीचं वजन सुमारे १०० मिलिग्रॅम धरलं, तर त्याच हजार गोळ्या १०० ग्रॅम भरतात. शंभर स्ट्रिपांचा एक साधा खोका. त्यात आणखी एक स्ट्रिप पडली, की प्रमाण व्यावसायिक.

परवाना, खरेदीचं बिल आणि विक्रीची नोंद असेल, तर हा खोका कायदेशीर माल आहे. कागद नसतील, तर तोच खोका तस्करीचा पुरावा. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाबाबतही हेच झालं. एका डोसात १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोडीन नसलेल्या आणि अडीच टक्क्यांच्या आतल्या, उपचारात रुळलेल्या मिश्रणांना १९८५ च्या अधिसूचनेने सूट दिली होती. पण कागदपत्रांशिवाय ट्रकभर बाटल्या नेताना ती सूट मागता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये आसामच्या एका खटल्यात म्हटलं. २०१४ मध्ये आणखी एका निकालाने हेही ठरवलं, की एखादा पदार्थ एनडीपीएस नियमांच्या पहिल्या अनुसूचीत नाही म्हणून तो कायद्याच्या बाहेर पडत नाही. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल या कायद्याखाली आलं. कालपर्यंत एच-वनच्या वहीपुरतं असलेलं वेदनाशामक एका रात्रीत जामीन न मिळण्याच्या गटात गेलं.

रुग्णासाठी एनडीपीएस नियमांतल्या नियम ६६ मध्ये एक दार उघडं आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. स्वतःच्या उपचारासाठी सायकोट्रॉपिक औषधाचे १०० डोस जवळ बाळगता येतात. दीर्घ आजारासाठी डॉक्टरने तसं स्पष्ट लिहिलं असेल, तर ३०० पर्यंत. प्रवासाला निघालेल्या मनोरुग्णाच्या कुटुंबाला ही माहिती फार्मासिस्टनेच द्यायला हवी.

रिकामी खुर्ची

फार्मसी कायद्याचं कलम ४२ सांगतं की, डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी करू नये. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनी त्याला पांढरा अ‍ॅप्रन, नावाचा बिल्ला आणि रुग्णाला सल्ला देण्याचं काम दिलं, नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं. प्रत्यक्षात ‘सर्टिफिकेट भाड्याने देणं’ हा वाक्प्रचार या धंद्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र, ज्याचं ते तो दुसऱ्या गावी दुसऱ्या नोकरीत, आणि काउंटरवर बारावी झालेला पोऱ्या.

२०१२-१३ च्या सुमारास एफडीए आयुक्त महेश झगडे यांनी फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर कारवाईचा धडाका लावला. औषधविक्रेत्यांच्या संघटनेने बंदचं हत्यार उपसलं. विक्रेत्यांचं म्हणणं होतं की, छोट्या गावात फार्मासिस्ट मिळत नाही आणि मिळाला तर पूर्णवेळ पगार परवडत नाही. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. तरी त्या मोहिमेने एक गोष्ट उघड केली: गैरहजर फार्मासिस्ट हा अपवाद नव्हता, रीत होती. आयुक्त बदलले, मोहिमेचा जोर ओसरला. परवाना निलंबित झालाच, तर तीन महिन्यांत राज्य शासनाकडे अपील करता येतं, आणि तिथे निर्णय कसा व केव्हा होईल यावर कारवाईची खरी धार ठरते.

तपासणीचं गणितही जुनंच. नियमाप्रमाणे औषध निरीक्षकाने आपल्या हद्दीतलं प्रत्येक दुकान वर्षातून किमान एकदा पाहायचं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३ मध्ये २०० दुकानांमागे एक निरीक्षक सुचवला होता. ते प्रमाण आजही गाठलेलं नाही. निरीक्षक आला की तो वही पाहतो, बिलं पाहतो, फार्मासिस्ट आहे का बघतो. एका दुकानाची वही शेजारच्या तालुक्यातल्या वहीशी ताडून पाहणं त्याच्या हातात नाही.

गळती कुठे?

राज्यात पकडलेल्या साठ्यांच्या बातम्या सलग वाचल्या, तर एक नमुना दिसतो. माल स्ट्रिपेने क्वचित सापडतो, बहुधा खोक्यांनी. परराज्यातून कुरिअर किंवा खासगी बसने आलेला, बिल दुसऱ्याच फर्मच्या नावाचं, घाऊक परवाना कागदावरच. जिममध्ये दम वाढावा म्हणून टोचलं जाणारं मेफेंटरमाइन हे मुळात भूल देताना रक्तदाब सांभाळण्याचं इंजेक्शन. पुण्यात त्याचे साठे पकडले गेले, तेव्हा ऑनलाइन मागवल्याचं पुढे आलं. ऑनलाइन औषधविक्रीचे नियम केंद्राने ऑगस्ट २०१८ मध्ये मसुद्याच्या रूपात मांडले. त्यात नशेची औषधं आणि शेड्यूल एक्स वगळलेली होती. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन विक्रीला मनाई केली. मसुदा अंतिम झाला नाही, विक्री थांबली नाही. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी फोनवरून अशी औषधं लिहायला बंदी घातली. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला चिठ्ठीचा फोटो कितव्यांदा वापरला जातोय, हे मात्र कुणी पाहत नाही.

प्रशासनाचं उत्तर काय? अनेक जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांनी एच, एच-वन, एक्स औषधं विकणाऱ्या दुकानांना सीसीटीव्ही सक्तीचे केले. म्हणजे पुन्हा काउंटरच. गोदामाकडे तोंड केलेला कॅमेरा अजून कुणी बसवलेला नाही.

वेदनेची किंमत

भीतीचा सगळ्यात मोठा बळी मॉर्फिन ठरलं. भारत कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात परवान्याने शेती होते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत माल जातो. तरी १९८५ नंतरच्या दशकभरात देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. रुग्णालयाला बाळगणं, आणणं, नेणं यांचे वेगवेगळे परवाने वेगवेगळ्या खात्यांकडून घ्यावे लागत. शेवटचा हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालं, म्हणजे कायदा लागू झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी.

केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि वेदनाशमन चळवळीतल्या लोकांच्या पाठपुराव्यामुळे २०१४ मध्ये कायदा बदलला. ‘अत्यावश्यक अमली औषधं’ हा गट तयार झाला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं त्यात आली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला आता राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. कायदा सोपा झाला. सवय झाली नाही. अर्ज करायला धजणारी रुग्णालयं मोठ्या शहरांत एकवटली आहेत. ज्या पिढीने एनडीपीएसचा धाक पाहिला, ती पिढी मॉर्फिनचं नाव काढताच हात मागे घेते.

पलीकडचा धडा

अमेरिकेत शिकलेला वा स्थायिक झालेला मराठी फार्मासिस्ट वेगळी व्यवस्था सांगतो. तिथे १९७० च्या केंद्रीय कायद्याने नियंत्रित औषधांचे पाच वर्ग केले. दुसऱ्या वर्गातली चिठ्ठी पुन्हा भरून मिळत नाही. त्याच्या जोडीला प्रत्येक राज्याचा स्वतःचा फार्मसी कायदा आहे आणि त्याची बहुतेक राज्यांत वेगळी परीक्षा द्यावी लागते. चिठ्ठी खऱ्या उपचारासाठी आहे का, याची जबाबदारी डॉक्टरइतकीच फार्मासिस्टवरही आहे, म्हणून नकार देणं हा त्याचा अधिकार आणि कर्तव्य दोन्ही. राज्यांकडे चिठ्ठ्यांची संगणकीय नोंद असते. एकच रुग्ण चार डॉक्टरांकडून तेच औषध घेत असेल, तर पडद्यावर दिसतं. अशी नोंद करण्यात सगळ्यात मागे राहिलेल्या मिझुरी राज्यानेही २०२१ मध्ये कायदा केला. एवढं असून तिथे ओपिऑइडने लाखो बळी घेतले, कारण उत्पादक, वितरक आणि डॉक्टर यांना वेळेत रोखलं नाही. संगणक एकटा पुरत नाही. पण कागदी वहीपेक्षा त्याला जास्त दिसतं, एवढं नक्की.

काय करता येईल

आपल्याकडे शिक्षा कमी नाहीत. कमी आहे ती नजर, आणि आहे तीही चुकीच्या जागी रोखलेली. चार गोष्टी राज्याच्या आवाक्यात आहेत. एच-वन आणि एक्सची नोंद संगणकावर घ्यावी आणि ती जिल्हाभर एकमेकांना जोडावी. चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार कुणाला आणि कुठवर, याची एकच खुली यादी दुकानदाराला द्यावी. घाऊक परवाना देण्यापूर्वी गोदाम प्रत्यक्ष पाहावं आणि खोक्यांचा प्रवास उत्पादकापासून काउंटरपर्यंत जुळवावा. आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने मॉर्फिनची मान्यता घेणं बंधनकारक करावं.

पाचवी गोष्ट सरकारच्या हातात नाही. भाड्याने दिलेल्या प्रमाणपत्राचे महिन्याला चार पैसे मिळतात, पण त्या दुकानातून विकल्या गेलेल्या प्रत्येक गोळीला त्याच नावाचा आधार असतो, हे देणाऱ्याने ध्यानात ठेवावं. वाचकांनीही पुढच्या वेळी मेडिकलमध्ये एक साधा प्रश्न विचारावा: ‘फार्मासिस्ट कुठे आहेत?’ त्यांना चिठ्ठी दाखवावी, तिच्यावर शिक्का मारून घ्यावा आणि नवी चिठ्ठी मागितली तर चिडू नये. काउंटरवरचा फार्मासिस्ट खरा असेल आणि त्याच्या नकाराला गिऱ्हाईक मान देत असेल, तरच हे तीन कायदे कामाचे. नाहीतर ते भिंतीवरच्या चौकटीतल्या प्रमाणपत्राइतकेच शोभेचे.